पाकट आणि कुरव दोघेही पंख मारतात, मग त्यांचं काही नातं आहे का?

जवळचं नातं नाही: पाकट हा मासा, कुरव (सीगल) हा पक्षी, आणि साम्य फक्त पंखांच्या हालचालीपुरतं. फिश मार्केटात पाकट दिसला तर कापलेला तुकडा नीट बघा. आत हाडाचा काटा नसतो, पंख्यासारख्या पसरलेल्या पांढऱ्या कुर्च्या दिसतात. पाकटाच्या अंगात हाड म्हणून नसतंच. त्याचा 'पंख' म्हणजे डोक्याला चिकटून वाढलेला छातीचा पर (माशाचा पोहण्याचा अवयव, फिन). कुरवाचा पंख हाडांचा, वर पिसं. उरलेला फरक असा:

- पाकटाच्या कल्ल्यांच्या पाच जोड्या पोटाकडे असतात. वाळूत बसला की डोळ्यांमागच्या भोकांतून पाणी आत घेतो. कुरव फुप्फुसाने श्वास घेतो.
- पाकट थेट पिल्लं देतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडे घरटं करून अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उतरतो.
- पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा असतो, म्हणून कोळी तो आधी उडवतात. कुरवाकडे फक्त चोच, आणि ती तुमच्या हातातल्या खाऊसाठी!

मात्र एक लक्षात घ्या: 'पाकट' हे एका जातीचं नाव नाही. ठिपक्यांचा गरुड-पाकट खरोखर पक्ष्यासारखे पंख मारत पोहतो, तळाशी राहणारे बरेचसे पाकट नुसती पराची कड लाटेसारखी हलवतात.