बी.कॉम. करून इतिहास? खुशाल करू द्या

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी टी.वाय.बी.कॉम.ला आहे, सीए इंटरचा एक ग्रुप सुटलाय आणि आता तिला अठराव्या शतकातल्या युरोपचा व्यापार आणि समाज यांवर संशोधन करायचंय. ‘कॉमर्सची तीन वर्षं पाण्यात घालायची का?’ असं तुम्ही विचारता.

पाण्यात जाणार नाहीत. या विषयात तिची खरी शिदोरी तीच आहे.

त्या काळचं स्कॉटलंडमधलं ग्लासगो घ्या. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया-मेरीलंडची तंबाखू तिथे उतरायची आणि बरीचशी पुढे फ्रान्सला जायची. ग्लासगोच्या पेढ्यांची व्हर्जिनियात दुकानं होती. ती मळेवाल्यांना कापड, अवजारं उधार द्यायची आणि वसुली तंबाखूत करायची. १७७५ला अमेरिकेत युद्ध पेटलं आणि ही उधारी अडकली. खतावणीतली ‘येणे’ बाजू पाहून पेढीचा जीव कशात गुंतलाय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको. पण ती तंबाखू पिकवत होते गुलाम केलेले आफ्रिकी लोक. त्यांचे कष्ट त्या वहीत कुठे आणि कसे दिसतात, हे शोधायला इतिहास शिकावा लागतो.

याच शहरात १७५२ पासून अ‍ॅडम स्मिथ नीतिशास्त्र शिकवत होता. व्यापाऱ्यांत त्याची ऊठबस होती. अर्थशास्त्राचा पाया मानला जाणारा त्याचा ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ १७७६चा, पण १७५९चं पहिलं पुस्तक माणसाच्या सहानुभूतीवर आहे. पैसा आणि नीती हे त्याच्या लेखी वेगळे विषय नव्हते. मुलीला हेच भावलं असेल, तर तिची ओढ वरवरची नाही.

आता पोटापाण्याचं. एम.ए., नेट, पीएच.डी. यांत सात-आठ वर्षं सहज जातात आणि कायम प्राध्यापकी मिळेलच असं नाही. म्हणून बी.कॉम. पूर्ण करू द्या. सीएचा दुसरा ग्रुप तिला हवा असेल तरच. एम.ए. इतिहासात करावं की अर्थशास्त्रात, हे त्या विभागात आर्थिक इतिहास कोण शिकवतं ते पाहून ठरवा. फ्रेंच आत्ताच सुरू करावी. मोडीही शिकावी, कारण त्याच शतकातले पेशवे दफ्तराचे हिशेब पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत आणि मोडी व जमाखर्च दोन्ही जाणणारी माणसं थोडी आहेत.

या सुट्टीत तिला स्मिथच्या १७७६च्या ग्रंथातली पहिली तीन प्रकरणं वाचू द्या. दहा माणसं मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या कशा करतात, तो हिशेब पहिल्यातच आहे. त्यावर तिनं दोन पानं मराठीत लिहून मला पाठवावीत. मग आपण तिघं बसून बोलू.