लेकीला थिएटर चालवायचंय

अमेरिकेत वाढलेली मुलगी घरी सांगते, मला अभिनय करायचा नाही, दिग्दर्शनही नको. मला थिएटर चालवायचंय, नव्या नाटककारांच्या पाठीशी उभं राहायचंय. आईवडिलांच्या कानात त्यातला एकच शब्द राहतो: नॉनप्रॉफिट. म्हणजे फुकट राबायचं का? तसं नाही. अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखालच्या संस्थेला नफा वाटून घेता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पगार असतात, आणि वरच्या पदांचे तर कुणालाही पाहता येतात.

तिथूनच सुरुवात करा. तिला आवडणाऱ्या थिएटरचा फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेने करखात्याला दरवर्षी द्यायचा हिशेब, प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’वर मोफत मिळतो. पहिल्या पानावर ओळ ८ म्हणजे देणग्या आणि अनुदानं, ओळ ९ म्हणजे मुख्यतः तिकिटांची कमाई, ओळ १९ म्हणजे शिल्लक किंवा तूट. पगार भाग ७ मध्ये. एकाच वर्षावरून मत बनवू नका. तीन वर्षांसाठी मिळालेलं अनुदान बहुधा पहिल्याच वर्षी सगळं जमा धरतात, मग पुढची दोन वर्षं विनाकारण तोट्याची दिसतात. पाच वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवून वाचा.

मोठ्या थिएटरात बहुतेक ठिकाणी दोन प्रमुख असतात. नाटकं निवडणारा आर्टिस्टिक डायरेक्टर, पैसा आणि माणसं सांभाळणारा मॅनेजिंग डायरेक्टर. दोघंही बोर्डाला उत्तरदायी. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण एक फरक मोठा आहे: थिएटरच्या बोर्डाने पैसा उभा करायचा, नाटकांच्या निवडीत हात घालायचा नाही. तिला नाटककारांचंच काम आवडत असलं तरी दोनेक वर्षं तिने निधी उभारणीच्या विभागात काढावीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिकिटांवर थिएटर चालत नाही, आणि प्रमुख निवडताना बोर्ड हाच अनुभव आधी पाहतं.

शिक्षणाचं म्हणाल, तर येलच्या डेव्हिड गेफन स्कूलमध्ये थिएटर मॅनेजमेंटचा तीन वर्षांचा एमएफए (कलेतली पदव्युत्तर पदवी) आहे आणि २०२१ पासून तिथे पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रमांना शिकवणी शुल्क नाही. या क्षेत्रातले सुरुवातीचे पगार पाहता इतरत्र मोठं कर्ज काढून शिकण्याआधी दहादा विचार करा.

व्हिसाकडे मात्र वेळीच लक्ष द्या. एच-४ वरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलीचा तो दर्जा २१व्या वर्षी संपतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची तयारी त्याआधी हवी. पदवीनंतर ओपीटी, म्हणजे त्याच व्हिसावर आपल्या विषयात काम करण्याची मुभा, १२ महिने. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना मिळणारे वाढीव २४ महिने नाटकाच्या पदव्यांना सहसा नसतात. आणि नॉनप्रॉफिट म्हणून एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून सुटका होते, हा समज चुकीचा आहे. सुटका मुख्यतः विद्यापीठांना आणि त्यांच्याशी रीतसर संलग्न संस्थांना असते. येल रेपर्टरी थिएटर विद्यापीठाचंच. शहरातलं स्वतंत्र थिएटर तसं नसतं.

आता नाटककारांचं काम. न्यूयॉर्कचं न्यू ड्रामॅटिस्ट्स (१९४९) निवडलेल्या लेखकांना सात वर्षं विनाशुल्क जागा आणि वाचनासाठी नट देतं. मिनियापोलिसमध्ये १९७१ साली सुरू झालेलं प्लेराइट्स सेंटरही लेखकांसाठीच आहे. नवं नाटक पहिल्यांदा उभं राहतं ते बहुधा ‘२९ तासांच्या वाचना’त: हातात संहिता, नेपथ्य नाही, तालीम आणि वाचन धरून दोन आठवड्यांत जास्तीत जास्त २९ तास. हे स्वस्त पडतं, म्हणून गाडी इथेच अडते. एकाच संहितेची वाचनांवर वाचनं होतात, प्रयोग कुणीच करत नाही, आणि दहा ठिकाणच्या सूचना ऐकून लेखकाचा सूर हरवतो. दुसरी अडचण पहिल्या प्रयोगानंतरची. ‘वर्ल्ड प्रीमियर’चा मान गेला की इतर थिएटरांचा रस ओसरतो. म्हणूनच नॅशनल न्यू प्ले नेटवर्क या थिएटरांच्या संघटनेच्या ‘रोलिंग वर्ल्ड प्रीमियर’मध्ये किमान तीन थिएटरं १२ महिन्यांच्या आत तेच नाटक स्वतंत्रपणे बसवतात.

करारही तिने वाचायला शिकावं. सिनेमात संहिता बहुधा निर्मात्याची होते, इथे नाटकाचा हक्क लेखकाकडेच राहतो. पण पहिला प्रयोग करणारं थिएटर पुढच्या उत्पन्नात वाटा मागू शकतं. किती टक्के, किती वर्षं आणि किती प्रयोगांनंतर लागू, हे तीन आकडे आधी शोधायचे.

हे काम ती आजही करून पाहू शकते. मंडळातल्या कुणाची नवी एकांकिका घ्या, आठ-दहा माणसं बसवा, वाचन करा. नंतरची चर्चा नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांच्या चार पायऱ्यांनी चालवा. आधी ऐकणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं. मग लेखक प्रश्न विचारतो. मग ऐकणाऱ्यांचे तटस्थ प्रश्न. मत शेवटी, तेही लेखकाची परवानगी घेऊन. घसरतं ते तिसऱ्या पायरीवर. “शेवट इतका घाईत का उरकला?” हा प्रश्न नव्हे, शेरा आहे. “शेवटच्या प्रवेशाआधी मध्ये किती दिवस गेलेत?” हा प्रश्न. पहिल्याला तिथल्या तिथे थांबवून तो दुसऱ्यासारखा विचारून घेणं, हे तिचं काम.