चौदा सारख्या गाड्या आणि एक कागद

प्रश्न : आमच्या बजाजनगरच्या बिल्डिंगमधल्या चौदा मुलामुलींनी एप्रिल-मेमध्ये कॉम्प्युटरवर मोटार शर्यतींची स्पर्धा घेतली. सगळ्यांना एकच, अगदी सारखी गाडी. आठ रविवार, आठ शर्यती. पहिल्या आठांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण. मी लेखा विभागातून निवृत्त झालेली, म्हणून हिशेब माझ्याकडे आला आणि त्यामागून तक्रारीही आल्या. दुसऱ्या शर्यतीत पहिल्याच वळणावर सात गाड्या एकमेकींवर चढल्या. चौथीत दोघांनी शेवटच्या रेषेआधी मुद्दाम ब्रेक मारले. पाचवीत, दहापैकी चौथी फेरी चालू असताना अर्ध्या बिल्डिंगची लाइट गेली, इन्व्हर्टरवाले चौघेच शेवटपर्यंत पळाले. कोण कुठल्या नंबरवर होतं, हे कोणी टिपलं नाही. आता दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आणि तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा, दोघेही विजेतेपद मागतात. ती पाचदा पहिली, एकदा दुसरी, दोनदा बाहेर (त्यातली एक लाइटवाली). तो एकदा पहिला (तोच लाइटवाला रविवार), पाचदा दुसरा, दोनदा तिसरा. बेरीज त्याची ६२, तिची ५८. पण पहिल्या दिवशीच्या नियमांच्या कागदावर ‘आठपैकी चांगल्या सहा शर्यतींचे गुण धरावेत’ असं आहे. दोन्ही घरची माणसं जिन्यात माझ्याशी बोलत नाहीत. निकाल काय देऊ? आणि गाड्या सारख्या असताना एवढा गोंधळ झालाच कसा?
— एक निवृत्त लेखापाल, बजाजनगर, नागपूर

उत्तर : ताई, आधी निकाल सांगतो. विजेती दुसऱ्या मजल्यावरची मुलगी. कागदावर सहा लिहिलंय ना, मग सहाच. तिच्या सहा शर्यतींचे ५८ होतात. त्याचे सहा धरले की दोनदा तिसरा आला ते बारा गुण गळतात आणि ५० उरतात.

आता तुम्ही हिशेबातल्या, म्हणून विचाराल की पाचव्या शर्यतीचं काय करायचं. मी तुमचा तक्ता चहाच्या टपरीवर बसून तीनदा मांडून पाहिला. ती शर्यत रद्द धरा, अर्धी धरा, पूर्ण धरा. तिची बेरीज ५८ च्या खाली येत नाही आणि त्याची ५० च्या वर जात नाही. म्हणजे लाइटचं भांडण विजेतेपदापुरतं सोडवायची गरजच नाही. गंमत अशी, की सगळ्या आठ शर्यती धरल्या तरी त्याचे ६२ तेव्हाच होतात, जेव्हा त्या अंधारातल्या जिंकण्याचे पूर्ण दहा गुण त्याला द्याल. अर्धे दिले की तो ५७ वर येतो.

अर्ध्या गुणांची पद्धत मी घरी बसून काढलेली नाही. १९८४ साली मोनॅकोत पावसामुळे फॉर्म्युला वनची (म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक स्पर्धेची) शर्यत मध्येच थांबवली आणि सगळ्यांना अर्धे गुण दिले. जिंकलेल्या आलँ प्रोस्तला नवाऐवजी साडेचार मिळाले. वर्षाअखेर त्याचा प्रतिस्पर्धी निकी लाउडा ७२, प्रोस्त साडेएकाहत्तर! ती शर्यत पुरी होऊन प्रोस्त दुसरा जरी आला असता, तरी त्याला सहा गुण मिळून अजिंक्यपद त्याचंच झालं असतं. उलट दाखलाही आहे. १९ जून २००५ ला इंडियानापोलिसमध्ये टायरच्या भानगडीवरून वीसपैकी चौदा गाड्या सुरुवातीआधीच पिटमध्ये (गाड्यांची देखभाल करायच्या जागेत) परत गेल्या. सहाच पळाल्या, तरी गुण पूर्ण दिले गेले. त्यात आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि भारतीयाच्या नावावर फॉर्म्युला वनचे पहिले पाच गुण लागले. त्या रात्री मी पेढे वाटले होते. सहाच गाड्या होत्या असं कोणी म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं. तेव्हा इन्व्हर्टरवाल्या चौघांना ‘तुमची शर्यत खोटी’ असं मी तरी म्हणणार नाही.

आता गोंधळ का झाला ते. तुम्हाला वाटतं गाड्या सारख्या, म्हणजे शांतता. होतं नेमकं उलटं. तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, हरलेला माणूस घरी जाताना जोडीला बोल लावतो: डावा बैल बुजला, उजवा ऐनवेळी दबला. वेगवेगळ्या मोटारींच्या शर्यतीतही इंजिनावर खापर फोडता येतं, आणि मुख्य म्हणजे जोरकस गाडी पुढे निघून जाते, मागची मागे राहते, रस्ता मोकळा होतो. सारख्या गाड्यांत कोणीच निघून जात नाही. पुढची गाडी हवा कापते, तिच्या पाठीमागे चिकटलेल्या गाडीला हवेचा अडथळा कमी लागतो, म्हणून सरळ रस्त्यावर मागची आपोआप जवळ येते. मग सगळे एकाच वेगाने, एकाच वळणाशी, ब्रेक मारायच्या एकाच जागी. चौदा जणांना ती जागा एकाच क्षणी हवी असते बाप्पा, सात आदळले हे कमीच!

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या गॅरेजच्या एका गिऱ्हाइकाला रेसिंगची हौस आली. त्याच्यासोबत मी कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गेलो होतो. मी म्हणजे नुसता चाकांचे नट आवळणारा. एका माणसाच्या बसायच्या उघड्या गाड्या, सगळ्यांत मारुतीचं १३०० सीसी इंजिन. आमचा हा गिऱ्हाईक नागपूर-वर्धा रस्त्यावर स्वतःला लई मोठा समजायचा. तिथे त्याच्यासारख्याच गाडीत बसलेली कोवळी पोरं त्याला दर फेरीला वळणाच्या आतून काढून जायची. संध्याकाळी तो मला म्हणाला, “माझ्या गाडीत काहीतरी कमी आहे.” मी तपासली. काहीही कमी नव्हतं. परतीच्या रेल्वेत तो बल्लारशापर्यंत बोलला नाही. सारख्या गाड्यांचा हाच ताप आहे: लपायला बॉनेट नसतं. मग माणूस नियमाआड लपतो. भारतात २०१० साली सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या पोलो कप या सारख्या गाड्यांच्या स्पर्धेत गाड्या कंपनीच्याच असायच्या, मिस्त्रीही कंपनीचे, ड्रायव्हरने पैसे भरायचे, हेल्मेट घेऊन यायचं आणि चालवायची. एवढा बंदोबस्त असायचा तो उगाच नाही.

ब्रेक मारणाऱ्या दोघांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण मला कारण दिसतं. पुढच्या शर्यतीत पहिल्या आठांना उलट्या क्रमाने उभं करायचा नियम असणार. म्हणजे आठवा येईल तो पुढच्या रविवारी सगळ्यांच्या पुढे. सातव्या नंबरवरच्याने हिशेब केला की एक गुण गेला तरी चालेल. त्याच्या मागच्यानेही तोच हिशेब केला. दोघेही रेषेपाशी ‘आधी तू, आधी तू’ करत बसले. लखनौच्या नवाबांसारखे! यात त्यांचा दोष मी फार धरत नाही. नियमानेच हळू जाण्याला बक्षीस ठेवलं होतं. ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेत (तिथे गाड्या वेगवेगळ्या असतात, पण उलटं उभं करणं तेच) किती नंबरांपर्यंत उलटवायचं याची चिठ्ठी शर्यत झाल्यावर काढतात. मग कितव्या नंबरला आलं की फायदा, हे पळताना कोणालाच ठाऊक नसतं. तुमच्याकडे चिठ्ठ्या काढायला पोह्यांच्या डब्याचं झाकणही चालेल.

पुढच्या वर्षीच्या कागदावर लाइटची एक ओळ टाका: निम्म्या फेऱ्यांआधी तिघांहून जास्त जणांची लाइट गेली, तर शर्यत पुन्हा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला बिल्डिंगभर कूलर चालू असताना ती जाणारच. आणि शर्यती सकाळी सातला ठेवा.

प्रश्न : काका, आमच्या बिल्डिंगमधल्या आजींनी तुम्हाला लिहिल्याचं कळलं. ‘सहा शर्यती’चा नियम फक्त परीक्षेसाठी होता, कोणाची शर्यत बुडू नये म्हणून. परीक्षेमुळे एकाचीही शर्यत बुडली नाही. मग तो लागू कसा? मी आठही शर्यतींत पहिल्या तिघांत होतो.
— तिसरा मजला

उत्तर : बाबू, तुझं दुखणं मोठं आहे आणि तुझ्या आधी ते प्रोस्तने भोगलंय. १९८८ साली त्याने सात शर्यती जिंकल्या, सातांत दुसरा आला. बेरीज १०५. आयर्टन सेनाची ९४. पण नियम होता चांगल्या अकरा शर्यतींचा. त्यात सेनाचे ९० भरले, प्रोस्तचे ८७. अजिंक्यपद सेनाचं. तुझ्यासारखंच, प्रोस्तचं सातत्य वजाबाकीत गेलं.

नियम परीक्षेसाठी होता हे मी मानतो. पण तसं कागदावर लिहिलेलं नाही, आणि ती सहा शर्यतींच्या हिशेबाने जीव तोडून पळाली असेल, तर आठव्या रविवारनंतर तिला सातवी आणि आठवी मागायची कशी? नियम तुला वाईट वाटतो, मलाही वाटतो. फॉर्म्युला वनलाही वाटला. त्यांनी १९९१ पासून तो काढून टाकला, हंगाम सुरू व्हायच्या आधी. तूही पुढच्या एप्रिलआधी आजींकडे जा, कागद माग आणि ती ओळ खोड. खोडताना दुसऱ्या मजल्यावरचीला सोबत ने.

आणि तुझा तो इन्व्हर्टर कितीचा आहे, बॅटरी कोणती, ते नक्की कळव. कॉम्प्युटर, स्क्रीन आणि पंखा धरून सहा फेऱ्या ओढल्या म्हणजे चीज चांगली आहे. माझ्या गॅरेजमधला वीस मिनिटांत मान टाकतो.