गाडी खाली, आपण वर

प्रश्न : मी आणि धाकटा भाऊ गाडीने लांबच्या प्रवासाला निघतोय. वाटेत कॅस्पियन समुद्र बोटीने ओलांडायचा आहे. गाडीच्या टपावर तंबू आहे, मागे स्वयंपाकाचा गॅस. बोट हलली तर गाडी घसरेल का? रात्री गाडीतच झोपलो तर चालेल का?

उत्तर : गाडीत झोपायचा विचार आधी सोडून द्या. बोट सुटली की गाड्यांच्या डेकचे दरवाजे बंद होतात, ते पलीकडचा किनारा येईपर्यंत. इटली-ग्रीस मार्गावरच्या काही बोटींत उन्हाळ्यात उघड्या डेकवर कॅम्परमध्ये (झोपायची सोय असलेल्या गाडीत) राहू देतात, पण तो अपवाद.

या नियमाची चिडचिड होते, म्हणून कारण सांगते. इतर जहाजांचं पोट आडव्या भिंती घालून कप्प्याकप्प्यांत वाटलेलं असतं. या बोटींत गाड्या सरळ आत जाऊन सरळ बाहेर याव्यात म्हणून डेक सलग मोकळा ठेवतात. तिथे पाणी शिरलं तर त्याला अडवायला काहीच नसतं. बोट ज्या बाजूला कलेल तिकडे सगळं पाणी धावतं आणि तिला आणखी कलवतं. ६ मार्च १९८७ ला 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून पुढचे दरवाजे उघडे असतानाच निघाली. पाणी शिरल्यावर ती दीड-दोन मिनिटांत आडवी झाली, १९३ माणसं गेली. शिवाय खाली आग लागली किंवा एखादा ट्रक सुटला, तर दाटीने लावलेल्या गाड्यांतून बाहेर पडायला वाट सापडत नाही. तिथे झोपू नका, कुणी गुपचूप सोडत असला तरीही.

घसरण्याची फार काळजी नको. हँडब्रेक करकचून ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. समुद्र खवळलेला असेल तर खलाशी पट्ट्यांनी किंवा साखळ्यांनी गाडी डेकला जखडतात. तेव्हा शेजारी उभे राहा आणि टोइंगचा हूक कुठे आहे ते दाखवा. घाईत पट्टा कुठेही अडकवला जातो. तो ब्रेकच्या नळीवर येत नाही ना, ते वाकून बघा. गाडी हलली की वाजणारा अलार्म बंद करा, नाहीतर रात्रभर वाजून सकाळी बॅटरी बसलेली असेल आणि तुमच्यामागे सगळी रांग अडलेली.

तिकीट काढताना उंची तंबूसकट मोजून सांगा, गाडीच्या पुस्तकातली नको. गॅसबद्दल लपवू नका. टाकीचा कॉक बंद हवाच. पेट्रोलचे भरलेले कॅन बऱ्याच बोटी घेतच नाहीत.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. आमच्या पहिल्या लांब फेरीला नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या गाडीच्या पुढच्या खणात राहिल्या. एका रात्रीचा प्रवास म्हणून मी निर्धास्त होते. पहाटे पलीकडचे दिवे दिसले, पण वाऱ्यामुळे बोट आत घेता येईना. दीड दिवस आम्ही नांगर टाकून बाहेरच होतो. शेवटी एक खलाशी मला सोबत घेऊन खाली उतरला. त्या अंधारात, पट्ट्यांवरून पाय टाकत खणापर्यंत गेलेली ती दहा पावलं मी विसरलेले नाही. तेव्हापासून औषधं, पासपोर्ट, गाडीचे कागद, चार्जर, पाणी, एक गरम कपडा, आणि बोट लागत असेल तर त्याच्या गोळ्या, एवढी पिशवी इंजिन बंद करण्याआधीच माझ्या खांद्यावर असते. डेकचा नंबर आणि जिन्याचा रंग यांचा फोटोही काढते.

कॅस्पियनवर तर हे जास्तच जपा. बाकूच्या दक्षिणेला आलात बंदर आहे. तिथून कझाकस्तानकडे जाणाऱ्या बोटी मुख्यतः मालाच्या, पक्कं वेळापत्रक नाही. माल भरला आणि वारा पडला की सुटतात. म्हणून अलीकडच्या देशाचा व्हिसा आणि गाडीचा परवाना शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका, आणि पलीकडचा अमुक तारखेपासूनच सुरू होणारा असेल तर हाताशी आठवडा मोकळा ठेवा. पुढे जिथे कार्नेट (गाडी देशात तात्पुरती आणून परत बाहेर नेण्याचं कस्टम्सचं पुस्तक) लागेल तिथे बोटीवर चढण्याआधी बाहेर पडल्याचा शिक्का पानावर आणि तुमच्याकडे राहणाऱ्या तुकड्यावर, दोन्हीकडे उमटलाय का ते स्वतः बघा. समुद्रावर गेल्यावर त्या शिक्क्यासाठी परत फिरता येत नाही.

बंदरावर बहुतेक ठिकाणी गाडी एकट्या चालकानेच आत न्यायची असते, बाकीचे पायी चढतात. तेव्हा भावाचा पासपोर्ट त्याच्याच खिशात असू द्या.