कोरोनाकाळातील डिजिटल शिक्षणातून महाविद्यालयांनी पुढे नेमके काय चालवावे?

कोरोनाकाळात महाविद्यालयांनी केलेल्या डिजिटल प्रयोगांपैकी टिकवण्याजोगे काय, असा आपला प्रश्न आहे. मी सोलापुरात वाणिज्य शाखेला शिकवतो. माझ्या मते थेट ऑनलाइन तास हा त्यांतला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत कमी उपयोगाचा प्रकार होता.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागल्यावर वर्गाचे वेळापत्रक जसेच्या तसे गुगल मीटवर नेले गेले. करमाळा-सांगोल्याकडच्या वस्त्यांवरील मुलांना रेंजसाठी शेतात जाऊन उभे राहावे लागे, तर शहराच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या घरी असलेला एकुलता स्मार्टफोन सकाळभर धाकट्या भावंडाच्या शाळेत अडकलेला असे. मात्र घटत्या शिलकीच्या पद्धतीने घसारा (वापरामुळे मालमत्तेच्या किमतीत होणारी घट), म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर तो काढण्याचे एकच उदाहरण वहीवर सोडवतानाचा छोटा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला, की मुले तो रात्री थांबवून-थांबवून पाहत आणि अडलेल्या ओळीचा फोटो पाठवून विचारत, "सर, दुसऱ्या वर्षी मूळ किमतीवर घसारा का नाही?" असे विचारणाऱ्यांत वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलेही होती.

आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड कोरोनाच्या कितीतरी आधी दिली होती. छापील पुस्तक मुलाच्या हाती राहते आणि व्हिडिओ हवा तेव्हा पाहता येतो, ही त्यातली खरी सोय. ती प्राथमिक शाळेकडून घेण्यात विद्यापीठांना कमीपणा वाटू नये.

परीक्षांबाबत मात्र फारसे चांगले लिहिता येत नाही. अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 रोजी दिल्यावर राज्यातील विद्यापीठांनी घाईघाईने बहुपर्यायी प्रश्नांचा आधार घेतला. चार पर्यायांतून ताळेबंद मांडता येतो की नाही, हे कळत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला ओळखीच्या दुकानाचे किंवा यंत्रमागाच्या कारखान्याचे वेगवेगळे आकडे घेऊन, पुस्तक उघडे ठेवून हिशेब मांडायला लावला, तर नक्कल करण्यात अर्थच उरत नाही. तपासणीचे काम वाढते, हे मान्य.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) मिळवण्याची मुभा दिली. ती वापरायची, तर महागडा स्टुडिओ उभारण्याआधी महाविद्यालयाने ग्रंथालय संध्याकाळी उघडे ठेवून तेथे वाय-फाय आणि काही संगणक द्यावेत, कारण घरी फोन नसलेल्या मुलांची अडचण टाळेबंदी उठल्यावरही तशीच राहिली आहे.