तोंड नाही, पोट नाही, मग खोल समुद्रातला स्पंज खातो काय?

भावा, प्रश्न लई भारी विचारलास. पंचगंगेला पूर आला की नळाला गढूळ पाणी येतं आणि आपण तोटीला फडकं बांधतो ना, स्पंजचं अख्खं अंगच तसलं गाळणं आहे, फक्त फरक असा की आपल्या फडक्यातनं पाणी नळाच्या जोरावर जातं आणि स्पंज स्वतः पाणी ओढतो. आत लाखो बारक्या पेशी असतात, प्रत्येकीला शेपटीसारखा एक केस आणि त्याच्याभोवती बारीक जाळीची कॉलर. सगळे केस सारखे हलत राहतात, त्यामुळं अंगावरच्या बारक्या छिद्रांतनं पाणी आत येतं, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे बॅक्टेरियासुद्धा कॉलरला अडकतात, पेशी ते गिळून पचवतात आणि गाळलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातनं बाहेर. झालं जेवण.

मला सगळ्यात आवडतात ते काचेचे स्पंज, सांगाडा खरंच सिलिकाचा, म्हणजे काचेच्याच जातीचा. पाण्यात गाळ जास्त झाला की हे पंपिंग चक्क बंद करतात, नसा नसताना अंगभर विजेचा सिग्नल जातो!

पण लई खोलात पाण्यात खायलाच कमी, म्हणून तिथल्या काही स्पंजांनी गाळणं सोडूनच दिलंय आणि ते शिकार करतात. २०१२ मध्ये नोंदवलेला कॅलिफोर्नियाजवळचा हार्प स्पंज बघ, ३३०० मीटरच्याही खाली राहतो, बारके कोळंबीसारखे जीव आकड्यांत अडकवतो आणि पातळ पडद्यात गुंडाळून हळूहळू पचवतो.