चाकं चारच, मग 'ऑल' आणि 'फोर' वेगळे कसे?

प्रश्न असा आला आहे : "गाडीला चाकं मुळात चार. मग 'ऑल व्हील ड्राइव्ह' आणि 'फोर व्हील ड्राइव्ह' हे दोन प्रकार कुठून आले? गाडी घ्यायची आहे म्हणून विचारतोय. आणि मराठीत काय म्हणावं?"

तुमचा आक्षेप बिनतोड आहे. चार चाकांत 'सगळी' म्हणजे चारच. 'ऑल'ला खरं वजन येतं ते अवजड वाहनांत. पिनाका रॉकेटं वाहणारा लष्कराचा टाट्रा ट्रक ८×८ असतो : चाकं आठ आणि इंजिनाची ताकद आठांनाही. (चारही चाकांना ताकद असली की ४×४ : लिहायचं गुणिले आणि म्हणायचं 'फोर बाय फोर', ही गंमत वेगळीच.)

मोटारींत हे शब्द रूढीने फुटले. थार किंवा जुनी जिप्सी घ्या. एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना. चिखल आला की ड्रायव्हर दांडा ओढून पुढची चाकं जोडतो. शिवाय 'लो' गिअर असतो, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. याला फोर व्हील ड्राइव्ह म्हणायची वहिवाट पडली. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर हा जोड तसाच ठेवू नये. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक पचवायला मध्ये डिफरन्शियल नसतो, मग टायर घासतात आणि गाडी अडखळते. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ही तजवीज असते आणि ताकद कुठे किती पाठवायची ते गाडी स्वतः ठरवते. 'लो' मात्र बहुधा नसतो.

पण रूढीवर फार विसंबू नका. एसएई ही अभियंत्यांची अमेरिकी संस्था या साऱ्यांनाच 'ऑल व्हील ड्राइव्ह' म्हणते आणि त्यात पार्ट-टाइम, फुल-टाइम, ऑन-डिमांड असे पोटभेद करते. आपल्याकडे मारुतीने 'ऑलग्रिप' हे एकच नाव जिम्नीलाही दिलं आणि ग्रँड व्हिटारालाही. जिम्नीत दांडा आणि 'लो' दोन्ही आहेत, व्हिटारात दोन्ही नाहीत.

आता मराठी. 'चारचाकी चालन' नको. 'चारचाकी' हा शब्द मोटारीने केव्हाच बळकावला आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला ड्रायव्हिंग क्लास आठवेल. शिवाय इथलं 'ड्राइव्ह' म्हणजे चालवणं नव्हे, चाकाला फिरतं करणं. 'सर्वचक्रचालन' वाचून तर आसनाचा प्रकार वाटतो. मला काही दिवस 'नित्य' आणि 'नैमित्तिक' ही जोडी फार आवडली होती, कर्मांची असते तशी. पण ती टिकली नाही, कारण पुष्कळशा ऑल व्हील ड्राइव्ह गाड्याही एरवी पुढच्या दोनच चाकांवर धावतात आणि घसरण जाणवली की मागची जोडतात. म्हणजे त्याही नैमित्तिकच! फरक 'कधी'चा नाही, 'कोण जोडतं' याचा आहे. म्हणून मी 'हातजोड' आणि 'आपजोड' म्हणतो. हे शब्द माझे, कोशात शोधू नका.

शोरूममध्ये ते चालणार नाहीत. तिथे सरळ विचारा : "लो आहे का?" शेतातल्या चिखलातून किंवा नदीपात्रातून रोज जायचं असेल तर 'हो' ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. पावसाळ्यात घाटाच्या ओल्या डांबरावरून जायचं असेल, तर आपजोड पुरते.